दोन हजाराची शेगडी

पत्र्याची बैठक, चार बुटके पाय, वर चिनी मातीची पांढरी थाळी, थाळीत नागमोडी खाच आणि खाचेत निजलेली वेटोळ्यांची तार. बाजूनं एक वायर बाहेर येते, तिच्या टोकाला तीन पिनांचा प्लग. विजेच्या शेगडीचा संसार एवढाच. बटण असलंच तर ते बहुधा बिघडलेलं असतं, त्यामुळे प्लग लावला की ती चालू आणि उपटला की बंद. सिलिंडर संपलेल्या घरात, नव्या जोडप्याच्या एका खोलीत, स्पर्धा परीक्षावाल्यांच्या कॉटखाली ती राहते. पाहुणे आले की तिला पायानं आत सरकवतात. घरमालकाला तिच्याबद्दल कुणी सांगत नाही. त्याला लाइट बिल आलं की कळतं.

पत्र्यावर एक चिकटपट्टी असते. २००० वॉट, २३० व्होल्ट. दुकानात तिची ओळख याच आकड्यानं करून देतात. 'हजाराची देऊ, दीड हजाराची, का दोन हजाराची?' नवखं गिऱ्हाईक पैशांचं बोलणं चाललंय असं समजून दचकतं. पण दोन हजार ही शेगडीची किंमत नाही, आणि खरं तर तिचा स्वतःचा गुणही नाही. ते सशर्त वचन आहे. मला नेमके २३० व्होल्ट द्या, मी दोन हजार वॉटची आच देईन. तुमच्याकडून कमी आले तर माझ्याकडूनही कमी येईल, आणि त्याबद्दल मला बोलायचं नाही.

तिचं स्वतःचं असं एकच आहे, तारेचा रोध. थंड असताना साधारण पंचवीस ओहम आणि रसरसून तापल्यावर साडेसव्वीस. थाळी बदला, पाय बदला, शेगडी पुण्याहून परभणीला न्या, गोऱ्या माणसाच्या देशात न्या, हा आकडा तिच्याबरोबर जातो.

तो काढायला जळत्या तारेजवळ जावं लागत नाही. वायरमनच्या पिशवीत टाँगटेस्टर असतो. त्याचा जबडा उघडायचा, वायरीतली एकच तार आत घ्यायची आणि जबडा मिटायचा. दोन्ही तारा एकदम आत आल्या तर जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांना खोडतात नि आकडा शून्य दिसतो. नवा हेल्पर हमखास इथं फसतो आणि शेगडी बंद आहे समजून हात घालायला निघतो. एक तार घेतली की आकडा येतो ८.७ अँपिअर. सॉकेटमध्ये व्होल्टमीटर २३० दाखवत असतो. आता २३० ला ८.७ नं भागलं तर २६.४, हा तिचा स्वभाव. २३० ला ८.७ नं गुणलं तर दोन हजार एक, ही तिची कर्तबगारी. दोनच आकड्यांचा भागाकार आणि गुणाकार, पण एकातून ती कोण आहे ते कळतं आणि दुसऱ्यातून ती या घटकेला काय करते आहे ते.

शिकवणीत यासाठी एक त्रिकोण काढून देतात. वर व्होल्ट, खाली अँपिअर आणि ओहम. जे हवं त्यावर बोट ठेवा, उरलेलं उत्तर. मार्क मिळतात, पण मला तो त्रिकोण आवडत नाही. त्यात तिघंही एका मानाचे दिसतात, आणि तसं नाही. व्होल्ट हे पुरवणाऱ्याचे, ओहम शेगडीचे, आणि अँपिअर या दोघांच्या गाठीतून जन्माला येतात. प्लग लावेपर्यंत अँपिअर नावाचं काही अस्तित्वातच नसतं. शेगडीवर कुणी '८.७ अँपिअर' एवढंच छापून विकू लागला तर त्याला विचारलं पाहिजे, कुणाच्या घरी?

मी ज्या दुकानात कॉइल बदलून घेतो तिथल्या काकांनी गल्ल्याच्या वर भिंतीवर पेन्सिलीनं एक आकडा लिहून ठेवला आहे. ५२९००. उधारी नव्हे, २३० गुणिले २३०. या आकड्याला ओहमनं भागलं की वॉट मिळतात आणि वॉटनं भागलं की ओहम. हजाराची कॉइल ५२.९, दीड हजाराची ३५.३, दोन हजाराची २६.४५. एकदा त्यांनी माझ्यासमोर बंद पुडीतली दोन हजाराची कॉइल काढली, दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावला, तर आकडा आला तीस. काकांनी भिंतीकडे बघितलंही नाही. 'सतराशे साठ. तापल्यावर अजून थोडी कमी.' मी म्हटलं, 'वर तर दोन हजार लिहिलंय.' ते म्हणाले, 'लिहिणाऱ्याचा हात सढळ असतो हो. पण घ्या ही, जास्त टिकेल. जी कमी तापते ती जास्त जगते.' आणि पुडी माझ्याकडे सरकवली.

मग ती थाळीत बसवायची. नवी कॉइल येते ती वेटोळ्याला वेटोळं चिकटलेली, वीतभर लांबीची. खाच तिच्याहून कितीतरी लांब. काका आधी खाचेतून सुतळी फिरवतात, सुतळी सरळ करून मोजतात आणि दोन्ही टोकं धरून कॉइल तेवढीच ताणतात, हळूहळू, हात न थांबवता. मधे थांबलं की तिथली वेटोळी दाट राहतात, दाट राहिलेली जास्त तापतात. बघणारं गिऱ्हाईक एक प्रश्न नेमानं विचारतं: 'ताणली तर पॉवर कमी होईल का?' नाही होत. स्प्रिंग लांबते, तार तेवढीच राहते. आणि शेगडीला हिशेब तारेचा.

ती तार निक्रोमची. शंभरातले सुमारे ऐंशी भाग निकेल आणि वीस भाग क्रोमियम. अल्बर्ट मार्श नावाच्या अमेरिकन माणसानं या जातीच्या तारेचं पेटंट १९०६ साली मिळवलं, आणि आज पाव भाजणाऱ्या टोस्टरपासून केस वाळवायच्या यंत्रापर्यंत जिथं म्हणून तार लाल होते तिथं बहुतेक हिचंच घराणं असतं. लाल झाल्यावर हवेतला ऑक्सिजन हिला खायला येतो, तेव्हा क्रोमियमच्या ऑक्साइडची एक पातळ साय अंगावर धरून ती आतला जीव वाचवते. नवी कॉइल पहिल्यांदा तापली की चकाकी जाऊन काळपट हिरवी झाक येते ती हीच. लोकांना वाटतं कॉइल जुनी झाली. उलट ती तेव्हाच कामाला लायक होते.

तांब्याशी तुलना केली तर निक्रोमचा रोध साठपट-पासष्टपट. पाऊण मिलिमीटर जाडीची निक्रोमची तार घेतली तर साडेसव्वीस ओहमला साडेदहा मीटरच्या आसपास लागते. त्याच जाडीची, तेवढीच लांब तार तांब्याची घातली असती तर रोध जेमतेम ०.४ ओहम. २३० ला ०.४ नं भागून पाहा. पाचशेच्या वर अँपिअर. चहा राहिला बाजूला, खांबावरची फ्यूज आधी गेली असती. वाट अडवणं हीच शेगडीची नोकरी आहे, फक्त ती किती अडवायची याचं माप नेमकं लागतं.

हे माप आणि त्याचा नियम ज्याच्या नावावर आहे तो गेओर्ग ओहम हा जर्मनीतल्या एर्लांगेन गावच्या एका कुलूपकाराचा मुलगा. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्यानं एकाच जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन प्रयोग मांडले. त्याची मुख्य अडचण आपल्या खेड्यापाड्यातलीच होती, व्होल्टेज टिकेना. तेव्हाच्या बॅटऱ्या जोडल्या जोडल्या उतरू लागत. मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्यानं तांबं आणि बिस्मथ यांचा जोड घेतला, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्ही टोकांचं तापमान हलत नाही, म्हणून व्होल्टही हलत नाहीत. शेगडीवर पाणी उकळतं हे सगळ्यांना ठाऊक. शेगडीचा नियम मात्र उकळत्या पाण्याच्या जिवावर सापडला. १८२६ चे हे प्रयोग. पुढल्या वर्षी पुस्तक आलं, मायदेशात त्याचं थंडं स्वागत झालं आणि लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ली पदक दिलं तेव्हा १८४१ साल उजाडलं होतं. त्याच सुमाराला इंग्लंडात सॅलफर्डच्या एका बिअर गाळणाऱ्या घरातला ज्यूल नावाचा तरुण तारेची वेटोळी पाण्यात बुडवून थर्मामीटर वाचत होता. प्रवाह दुप्पट केला की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते, हे त्यानं दाखवलं. आपली शेगडी या दोघांची मिळून लेक.

त्या चौपटीचा फटका घरात बसतो तो संध्याकाळी. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी घरगुती व्होल्टेजला ठरल्या आकड्यापासून सहा टक्के वर-खाली होण्याची मुभा दिली होती. सहा टक्के म्हणजे कानामागे टाकण्यासारखे वाटतात. पण २१६ व्होल्टला आपली दोन हजाराची शेगडी १७६० वॉटची होते आणि २४४ ला २२५० ची. कायद्याच्या चौकटीत राहूनसुद्धा तिच्या आचेत जवळजवळ पाचशे वॉटचा फरक. जिथं लाइन लांब आणि भार जास्त तिथं संध्याकाळी १८० व्होल्ट ही काही नवलाची गोष्ट नाही. तेव्हा प्रवाह ६.८ अँपिअर आणि आच १२२५ वॉट. व्होल्ट घटले पाचात एक, आच घटली पाचात दोन. कारण साधं आहे. शेगडीचे ओहम हटत नाहीत, म्हणून व्होल्ट घसरले की त्याच प्रमाणात अँपिअरही घसरतात, आणि वॉट हा त्या दोघांचा गुणाकार असल्यामुळे त्याला दोन्हीकडून मार बसतो. तार लालऐवजी विटकरी दिसते, पाण्यातून बुडबुडे यायचे तर नुसती वाफ येते, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, 'ही शेगडी आता म्हातारी झाली.'

कुणाचं चुकतंय ते घरातला मीटर सांगतो. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी लिहिलेलं असतं की इतक्या लुकलुकींचं एक युनिट. पुष्कळ मीटरवर हा आकडा ३२०० असतो. एक युनिट म्हणजे हजार वॉट तासभर. फ्रिज, पंखा, टीव्ही सगळं बंद करून एकटी शेगडी लावली तर पूर्ण व्होल्टेजला तो दिवा मिनिटाला १०७ वेळा लुकलुकेल. संध्याकाळी १८० व्होल्टला ६५ वेळा. मनगटावर घड्याळ असलं की झालं. मंद लुकलुकणाऱ्या मीटरचं बिलही त्या घटकेला मंदच चालतं, हे मात्र शेगडीच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. कमी आच दिली तर पैसेही ती कमीच घेते. चहाला वेळ लागतो आणि त्या जादा वेळात उष्णता इकडंतिकडं वाया जाते, तो भुर्दंड वेगळा.

आता तिच्या स्वभावातली गुंतागुंत. बाहेरच्यांशी ती एक वागते आणि घरात दुसरंच.

दूध उतू गेलं की पहिला घाव बसतो. साय आणि साखर तारेवर जळून खडखडीत होते, धूर निघतो, घरभर करपट वास, आणि दोन दिवसांनी नेमकी तिथंच तार तुटते. मग जोडकाम. तुटलेली टोकं घासायची, एकमेकांत पीळ घालून अडकवायची, जळका तुकडा काढून टाकायचा. घरातल्या सगळ्यांचा समज असा की जोडलेली कॉइल म्हणजे दुखण्यातून उठलेली, तिच्यात आता जोर कमी. प्रत्यक्षात पाणी लवकर उकळतं. दहावा हिस्सा तार गेली तर रोध २३.८ ओहम उरतो, वॉट होतात २२२२. तुटत, जोडत पाव कॉइल गेली तर रोध १९.८, प्रवाह साडेअकरा अँपिअर, वॉट २६६७. तार जितकी आखूड तितकी आच जहाल. आणि जितकी आच जहाल तितकी पुढची तूट लवकर. जोडकामाच्या शेगडीवर खूश असलेल्या माणसाला काका हेच सांगतात. 'ती बरी झाली नाहीये. तापात आहे.'

हा बाहेरचा व्यवहार. बाहेर व्होल्ट ठरलेले असतात, म्हणून रोध जितका कमी तितके वॉट जास्त. पण शेगडीच्या आत बघा. साडेदहा मीटर तारेतून एकामागून एक जाणारा प्रवाह सगळीकडे सारखाच असतो, वाटेत कुठं साठत नाही की कुठं गळत नाही. दिंडी हमरस्त्यावरून चालते तेव्हा मोकळी असते आणि तीच माणसं अरुंद बोळात शिरली की खांद्याला खांदा घासतो, तसं इथं होतं. जिथं तार झिजली, चेपली, पिळाच्या जागी नीट टेकली नाही, तिथं तेवढ्या तुकड्याचा रोध जास्त आणि तिथंच उष्णता जास्त. अंधारात पाहिलं तर सगळी कॉइल लाल आणि पिळाची जागा पिवळी दिसते. ती पुन्हा तिथंच तुटणार हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणजे बाहेरून पाहावं तर कमी रोधाला जास्त आच, आतून पाहावं तर जास्त रोधाला जास्त आच. दहावीच्या मुलांना इथं घाम फुटतो. एका सूत्रात रोध खाली असतो, दुसऱ्यात वर. सर दोन्ही बरोबर म्हणतात आणि मुलं मुकाट्यानं दोन्ही पाठ करतात. या घटकेला ठरलेलं काय आहे एवढंच विचारायचं असतं. व्होल्ट ठरलेले असतील तर त्यांच्या वर्गाला रोधानं भागा. अँपिअर ठरलेले असतील तर त्यांच्या वर्गाला रोधानं गुणा. तडजोड कसलीच नाही, प्रश्न फक्त तुम्ही कुठं उभे आहात एवढाच.

ही घरातली बाजू लक्षात आली की प्लग का काळा पडतो ते कळतं. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या, पिन नीट आवळली गेली नाही, तर त्या सांध्यात अर्धा ओहम सहज येतो. साडेसव्वीसच्या पुढं अर्धा म्हणजे काहीच नाही, शेगडीला तो जाणवतसुद्धा नाही. पण प्रवाह साडेआठ अँपिअरचा. त्याचा वर्ग बहात्तर, अर्धा केला की छत्तीस वॉट. रेडिओ दुरुस्तीवाला ज्या इस्त्रीनं शिसं वितळवतो ती पंचवीस वॉटची असते. म्हणजे भिंतीतल्या नखाएवढ्या जागेत डाग देण्याच्या इस्त्रीहून जास्त उष्णता कोंडलेली, आणि तिच्याभोवती प्लास्टिक. मग एक दिवस मासळीसारखा वास येतो, प्लग तपकिरी होतो आणि घरातले म्हणतात शेगडीनं प्लग खाल्ला. तिनं काहीएक केलेलं नसतं. सोळा अँपिअरच्या जाड पिनेच्या जागी सहा अँपिअरचा बारीक पिनेचा प्लग लावणाऱ्यानं, किंवा अर्ध्या चौरस मिलिमीटरची पाच मीटर एक्स्टेन्शन वायर गुंडाळून कॉटखाली ठेवणाऱ्यानं ते केलेलं असतं. त्या वायरीतसुद्धा पंचवीसेक वॉट मुरत असतात. पसरून ठेवली तर कोमट लागते. गुंडाळलेल्या वेटोळ्यात मात्र उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते.

एक गुण तिचा मला फार आवडतो. ती तोंडावर एक आणि मागं एक असं करत नाही. जुना साठ वॉटचा बल्ब आठवा. मल्टिमीटर लावला तर साठ-सत्तर ओहम दाखवतो, आणि भिंतीवरच्या ५२९०० ला पासष्टनं भागलं तर हा बल्ब आठशे वॉटचा निघतो! कारण टंगस्टनची ती तार पेटली की तिचा रोध दहा-पंधरा पटींनी वाढून ८८० पर्यंत जातो. थंडपणी दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा असा तो गडी नाही. निक्रोमची शेगडी लालबुंद झाली तरी थंडपणीच्या आकड्यापासून पाच-सहा टक्केच हलते. दुकानात मोजलेली शेगडी आणि ओट्यावर जळणारी शेगडी जवळजवळ एकच असते.

आणि एक दोष, जो हसण्यावारी नेता येत नाही. तिची तार उघडी आहे आणि तारेत जिवंत वीज आहे. पातेलं वाकडं झालं, बुडाला पोच असली किंवा वेटोळं खाचेतून वर आलं, की पातेलं आणि तार एकमेकांना लागतात. ज्या भागाकारानं शेगडीचे ८.७ अँपिअर काढले तोच भागाकार मग माणसाला लागू होतो. ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० भागिले हजार, ०.२३ अँपिअर. शेगडीच्या हिशेबात हा किरकोळ आकडा, पण माणसं वाचवायला घरात जे आरसीसीबी बसवतात ते याच्या सातव्या-आठव्या हिश्शाला, ३० मिलिअँपिअरला, तुटतं. त्यात बटण चुकून न्यूट्रलमध्ये बसवलेलं असलं तर ते बंद करूनही तार जिवंत राहते. गार, काळी, निरुपद्रवी दिसणारी. होस्टेलवाले शेगडीला बंदी करतात ते बिलामुळे असं पोरांना वाटतं. बिल हे कारण आहेच, पण दुसरं कारण हे आहे आणि ते पहिल्याहून मोठं आहे. म्हणून प्लग उपटल्याशिवाय पातेल्याला हात लावू नये. दूध उतू जात असलं तरी. जाऊ द्यावं.

या घराण्यात एक शहाणी थोरली बहीण होती, आता ती फारशी दिसत नाही. तिच्यात हजार-हजाराच्या दोन कॉइल आणि फिरवायचं बटण. एकीपुढं एक जोडल्या की रोध १०५.८, वॉट पाचशे, भात मुरवायला. एकटीच लावली की हजार. दोघी शेजारी-शेजारी जोडल्या की दोन हजार. तार तीच, जोडणी निराळी, आणि एका शेगडीत तीन शेगड्या. आजच्या इंडक्शनवर बोटाच्या स्पर्शानं आकडे बदलतात, पण तिच्या पिनांना मल्टिमीटर लावून पाहा; काहीही अर्थाचं हाती लागत नाही. आत इलेक्ट्रॉनिक्सचा पडदा. तिच्याशी असा उघड भागाकाराचा व्यवहार होत नाही.

काकांच्या दुकानात गेल्या हिवाळ्यात गावाकडचे एक गृहस्थ आले होते. पिशवीतून शेगडी काढून गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाले, 'काका, आमच्याकडं संध्याकाळी एकशेऐंशीच्या वर व्होल्टेज येत नाही. ही चहालासुद्धा रडते. एकशेऐंशीला पुरे दोन हजार देईल अशी कॉइल करून द्या.'

काकांनी बिलाच्या पाठीवर आकडे मांडले. १८० गुणिले १८०, ३२४००. भागिले दोन हजार. 'सोळा पॉइंट दोन ओहम. होईल की. यातलीच तार कापून आखूड करायची, पाच मिनिटांचं काम.' पक्कड हातात घेतली आणि थांबले. 'रात्री किती असतं?'

'मोटारी बंद झाल्या की? दोनशेचाळीस.'

पुन्हा आकडे. ५७६०० भागिले १६.२. 'साडेतीन हजार वॉट. जवळजवळ पंधरा अँपिअर. घरातली वायर कधीची आहे?'

'वडिलांनी घातलेली.'

काकांनी पक्कड खाली ठेवली. 'मग नको.'

'अहो, पण संध्याकाळच्या चहाचं काय करू?'

'पातेलं थाळीएवढं रुंद घ्या, पाणी मोजून ठेवा आणि वर झाकण ठेवा. वाफ कोंडली की तुमचे बाराशे वॉटसुद्धा पुरतात.'

गृहस्थांनी शेगडी पुन्हा पिशवीत घातली. दारापर्यंत जाऊन परत वळले. 'झाकण मिळेल तुमच्याकडं?'

'भांड्यांचं दुकान मागच्या गल्लीत. आठला बंद होतं, जरा पाय उचला.'